रोजचा राखेचा बुधवार

आम्ही वसईकडचे ख्रिस्ती. नवऱ्याच्या बँकेने बदली करून बनारसला धाडलं, तेव्हा ऑफिसातले सगळे म्हणाले, छावणीत घर बघा, चर्च जवळ पडेल. मी म्हटलं, चर्च रविवारी लागतं, मराठी रोज लागतं. म्हणून संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत एका मराठी घराचा खालचा मजला भाड्याने घेतला. वर घरमालक काका आणि काकू. पिढ्यान्पिढ्या काशीत काढलेली माणसं. त्यांचं मराठी अर्धं हिंदीत बुडालेलं, तरी कानाला बरं वाटतं. काका सकाळी गंगेवर जाऊन येतात, पूजा करतात, आणि मग गल्लीतल्या प्रत्येकाची चौकशी करत फिरतात. त्यांनी आमच्या क्रुसाकडे पाहून कधी नाक मुरडलं नाही, आणि मी त्यांच्या घंटेला कधी वैतागले नाही. वैतागायला मला दुसरी कारणं पुष्कळ असतात.

भावाला तिकडे झेपेना म्हणून गेल्या हिवाळ्यात आईला इथे आणलं. तिची आठवण गळत चालली होती. बाबा गेले हे विसरायची, चहा प्यायली हे विसरायची, मला कधी ओळखायची, कधी कामवाली समजून भांडी नीट घासायला सांगायची. प्रार्थना मात्र एकही विसरली नव्हती. जपमाळ हातात दिली की बोटं आपोआप चालायची. ‘नमो मरिया’ अर्ध्यावर अडकली असं एकदाही झालं नाही. मला त्याचं कौतुक वाटायचं. देव सगळं नेताना एवढं तरी ठेवतोय, असं मी नवऱ्याला म्हणायचे.

शिवाय तिला मधुमेह. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई, आणि सुईनंतर वेळेवर जेवण. इथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, सुई दिली आणि पोटात अन्न गेलं नाही तर साखर एकदम खाली येईल, या वयात ते झेपणार नाही. सुई नाही दिली तर साखर वर चढेल, तेही झेपणार नाही. म्हणजे सगळी भिस्त आईच्या दोन वेळच्या जेवणावर. आणि आई जेवायची नीट, आवडीने, भाताबरोबर सुक्या बोंबलाची चटणी मागून घ्यायची. इथे सुके बोंबील कुठून आणायचे ही तेव्हा माझी सगळ्यात मोठी काळजी होती.

मग ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला. पहिला दिवस राखेचा बुधवार. आदल्या ईस्टरच्या आधी चर्चमध्ये वाटलेल्या झावळ्या जाळून केलेली राख फादर कपाळाला लावतात आणि सांगतात, माती आहेस, मातीलाच मिळशील. त्या दिवशी एकदाच जेवायचं, मांसमच्छी नाही, आणि आपल्या तोंडचं वाचवलेलं गरिबाच्या मुखी घालायचं. म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना चर्चनेच यातून सूट दिली आहे, पण आईच्या पिढीला सूट दिली की अपमान झाल्यासारखं वाटतं. रिक्षाने तिला छावणीतल्या चर्चमध्ये नेलं. हिंदी मिस्सा तिला ओ की ठो कळला नाही, पण कपाळावर राख पडली आणि तिचा चेहरा उजळला. दिवसभर पाण्यावर राहिली. डॉक्टरांना विचारून मी सुई कमी केली होती. संध्याकाळी पेज प्यायली. एक दिवस निभावला म्हणून मी सुटकेचा निश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पूजा आटपून खाली आले. नेहमीसारखेच, कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे. “माताजींची तबियत कशी आहे, ताई?” त्यांनी दारातून विचारलं. आई पोह्यांची बशी मांडीवर घेऊन बसली होती. तिने काकांच्या कपाळाकडे पाहिलं, हाताने क्रुसाची खूण केली आणि बशी बाजूला सारली.

“अगं बाय, आज राखेचा बुधवार. मला खायला कसं दिलंस?”

मी हसले. खरंच हसले. तो काल झाला, आज गुरुवार, असं सांगितलं. कॅलेंडर दाखवलं. तिने कॅलेंडरकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही पोर खाण्यासाठी देवाशीसुद्धा खोटं बोलेल. “ते बामण इतके म्हातारे, त्यांनी राख घेतली. तू घेतलीस का?”

ते पोहे तसेच राहिले. आणि मग रोज तेच.

काशीत कपाळाला राख न लावलेला माणूस शोधावा लागतो. दूधवाला लावतो, भाजीवाला लावतो, सिलिंडर आणणारा लावतो. आई खिडकीत बसायची आणि एकेक कपाळ बघून हरखून जायची. “किती भाविक गाव आहे, बाय. आपल्या वसईतसुद्धा इतकी माणसं राख घ्यायला येत नाहीत.” सगळं गाव उपाशी असताना आपण जेवायचं, ही कल्पनाच तिला सोसायची नाही. संध्याकाळी जे काही थोडं पोटात जायचं ते माझ्या नशिबाने. कधी वाटीभर पेज, कधी तिचे चार घोट, कधी तेही नाही.

मी काय काय केलं ते आठवलं की माझं मलाच हसू येतं आणि मग रडू येतं. खिडकी बंद केली, तर ती दारात जाऊन बसली. छावणीतल्या फादरना घरी बोलावलं. त्यांनी हिंदीत समजावलं, मी मराठीत सांगितलं, तर आई म्हणाली, “फादर असं बोललेच नसतील. तू तुझ्या मनचं घालतेस.” फादर केरळचे, बिचारे. त्यांनी माझ्याकडून एक वाक्य घोकून घेतलं आणि तिच्यासमोर बसून सावकाश म्हणाले, “आजी, तुम्हाला उपवास नाही. जेवा.” आई हात जोडून जेवली. निमूटपणे, सगळं ताट. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी तिला ना फादर आठवत होते, ना त्यांचं वाक्य. रोज कुठून आणणार फादरना? फोनवर ऐकवलं तर म्हणाली, आजच्या दिवशी फादर मिस्सा सोडून फोनवर गप्पा मारत बसतील होय?

एक दिवस मी ईस्टरच आणला. अंडी उकडून रंगवली, तिला नवं लुगडं नेसवलं, गाणी लावली. आई खूश झाली, टाळ्या वाजवल्या. अंडं सोलून तोंडाशी नेलं, एवढ्यात दूधवाला आला. आईने अंडं खाली ठेवलं. “ईस्टर असता तर ह्याच्या कपाळावर राख कशी?” डोकं एवढं चालतं तर मग बाकीचं कुठे जातं, असं मला ओरडावंसं वाटलं. ओरडलेही. ती जपमाळ ओढत राहिली, माझ्यासाठी.

शेवटी मी वर गेले. काकांना काय सांगायचं ते जिन्यात तीनदा जुळवलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिल्यावर सगळं विसरले. काशीत, विश्वनाथाच्या दारात राहणाऱ्या ब्राह्मणाला मी सांगणार होते, की खाली येताना भस्म पुसा. कसंबसं बोलले. काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. काकांनी भस्माची डबी उचलून खिशात टाकली. मग म्हणाले, “परेशान होऊ नका, ताई.” दुसऱ्या दिवसापासून ते पूजेनंतर आमच्या दारावरून जाताना कोऱ्या कपाळाने जायचे आणि गल्लीच्या वळणावर जाऊन डबीतलं भस्म लावायचे. मी ते एकदा पाहिलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि उपयोग? शून्य. एका काकांनी पुसलं, गल्लीतल्या बाकीच्यांना कोण सांगणार?

मग ती संध्याकाळ आली. सुई अर्ध्यावर आणली होती, तरी आईचं अंग घामाने भिजलं, हात थरथरायला लागले, नजर कुठेतरी लागली. मी साखर तिच्या ओठांत घातली. तिने थुंकून टाकली. “आज गोड नाही,” एवढंच पुटपुटली. नवऱ्याने तिला धरलं, मी बोटाने तिच्या हिरडीला साखर चोळत राहिले आणि तोंडाने देवाला शिव्या घालत राहिले. होय, शिव्याच. तुझ्यासाठीच उपाशी आहे ना ही, मग तूच हिला सांग. त्याने काही सांगितलं नाही. साखर हळूहळू चढली. डॉक्टर म्हणाले, “कुछ भी करके खिलाइए.” कुछ भी म्हणजे काय, ते डॉक्टरला कुठे माहीत होतं.

आई दुपारचं ताट स्वतः वाढून घ्यायची, पण खायला नाही, गरिबाला द्यायला. तिच्या समाधानासाठी मी ते ताट झाकून घाटावर नेत असे. संकठादेवीच्या देवळाच्या पायरीशी कोणी ना कोणी बसलेलं असतंच. ताट देऊन परत यायचं, आईने विचारायचं, “दिलंस?”, मी “दिलं” म्हणायचं, आणि ती तृप्त होऊन उपाशीच झोपायची. झावळ्यांच्या रविवारानंतरची, ईस्टर आठवड्यावर आला असतानाची गोष्ट. ऊन मी म्हणत होतं. धुळीसाठी ओढणी डोक्यावरून घेतलेली, रिकामं ताट हातात, चढण चढून आले आणि आत जायचं बळच उरलं नाही. दारातच उंबऱ्यावर बसले. मी स्वतः सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. उपवास म्हणून नव्हे, ती खात नाही तर माझ्याही घशाखाली उतरत नव्हतं.

आई आतून पाहत होती. उठली, भिंतीला धरत धरत माझ्यापर्यंत आली.

“आत ये, बाय. उन्हात नको बसू. जेवलीस का काही?”

मी म्हटलं, “आई, मीच आहे.” तिने ते कानावर घेतलं नाही. माझ्या हाताला धरून आत नेलं, पाट मांडला आणि भाताच्या पातेल्यातून मला वाढलं, वर आमटी. मग दुसरं ताट घेतलं आणि त्यात स्वतःसाठी वाढलं.

“आमच्या घरची रीत आहे,” ती म्हणाली. “उपवासाचं एक जेवण असतं ना, ते गरिबाला पंक्तीला घेऊन जेवायचं. त्याला एकट्याला जेवायला बसवलं तर ती भीक झाली.”

ही तिच्या माहेरची रीत. आजोबा उपवासाच्या दिवशी वाटेवरचा कोणी गरीब आणून शेजारी बसवल्याशिवाय घासाला हात लावत नसत, हे मी लहानपणी कधीतरी ऐकलं होतं. आमच्या घरात ती रीत कधी पाळली नव्हती, म्हणून माझ्या ध्यानात नव्हती. मी घास घेतला. आईने घास घेतला. मी सावकाश चावत राहिले, कारण मी थांबले की ती थांबेल. ती सगळं ताट जेवली. मला वाटलं, चमत्कार झाला. तिला पाणी दिलं, ओढणी काढली, तिच्या गळ्यात पडले, तर ती दचकून म्हणाली, “तू कधी आलीस? आज काही खायचं नाही हं, उपवास आहे.”

तेव्हापासून तसंच चाललं आहे. दोन्ही वेळा सुई दिली की मी मागच्या बोळातून बाहेर पडते, ओढणी डोक्यावर घेते आणि पुढच्या दारात येऊन बसते. आयुष्यभर कडक उपवासाने पाळलेल्या गुड फ्रायडेला मी यंदा दोनदा पोटभर भात जेवले. फादरना सांगितलं तर ते म्हणाले, “अच्छा किया.” ईस्टर होऊन गेला, आमच्याकडे अजून राखेचा बुधवारच आहे. आईची साखर ठीक आहे, वजन थोडं वाढलं. काकू म्हणतात, ताई, तुम्ही तर कमाल केली. नवरा म्हणतो, युक्ती सापडली ना, मग आता तोंड का पाडून बसतेस?

त्याला पाहिलं की आईला मी आठवेन, म्हणून आम्ही जेवताना त्याला तिथे थांबता येत नाही, आणि म्हणून त्याला ठाऊक नाही. आई जेवायच्या आधी विचारपूस करते. गाव कुठलं, पोरंबाळं आहेत का, आणि मग, “तुला आई आहे का गं?” पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी “आहे” म्हटलं, दुसरं काय म्हणणार? तिने हातातला घास खाली ठेवला. “मग तिला उपाशी ठेवून तू इथे कशी जेवतेस? जा, हे माझंही ताट ने, तिला भरव.” आणि दोन्ही ताटं माझ्या हातात दिली. त्या दिवशी ती जेवली नाही.

आता ती विचारते तेव्हा मी मान खाली घालते आणि “आई नाही” म्हणते. ती चुकचुकते, माझ्या पाठीवरून हात फिरवते आणि जेवायला लागते.