लांजेवार काकूंचा आवाज

इथले अनुभव मी नेहमी वाचते, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना हसते. स्वभावच तसा आहे. अंगात येणं, चाहूल लागणं, नाव घेऊन कुणीतरी हाक मारणं... आमच्या घरी या गोष्टी चहाबरोबर चघळायच्या आणि कप धुवायला टाकताना विसरायच्या. आई शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे लिंबू-मिरची फक्त स्वयंपाकघरात. तरी आज मी हे लिहितेय. नोकरीतल्या लोकांना सांगितलं तर मला डॉक्टरकडे पाठवतील, आणि आईला सांगितलं तर ती म्हणेल, झोप पूर्ण कर. म्हणून तुम्हाला सांगते.

मी केबिन क्रू आहे. विमानाच्या दारात नमस्कार करते ती. मूळची रायपूरची, समता कॉलनीतली; पोस्टिंग हैदराबादला. लोक विचारतात, इतके उर्मट पॅसेंजर तुम्ही सहन कसे करता? चुटकी वाजवून बोलावणारे, बाळाचं भरलेलं डायपर ट्रेबरोबर आमच्या हातात देणारे, चाकं जमिनीला टेकत नाहीत तोच उभं राहून वर आम्हालाच "नाम बताओ अपना" म्हणणारे. ट्रेनिंगमध्ये शिकवतात – हसा, खाली वाकून बोला, मनाला लावून घेऊ नका. ते आम्ही करतोच. पण खरा उपाय असतो गॅलीत. गॅली म्हणजे विमानाच्या शेपटीकडची आमची चिंचोळी पॅन्ट्री. तिचा पडदा ओढला की हसू काढून ठेवता येतं. कुणी तिथे डोळे मिटून उभं राहतं, कुणी चक्क रडून घेतं. मी नकला करायचे.

हे मला लहानपणापासून जमतं... जमायचं. आत्या, दूधवाला भैया, कॉलनीतले सगळे काका. त्यासाठी कष्ट पडायचे नाहीत. माणसाची दोन वाक्यं ऐकली की त्याचा आवाज घशात नेमका कुठे बसतो ते मला कळायचं. फ्लाइटमध्ये कुणी फार छळलं की मुली मला पडद्याआड ओढायच्या आणि मी त्या पॅसेंजरला "करून" दाखवायचे. हसून हसून सगळ्या मोकळ्या व्हायच्या आणि पुन्हा ट्रॉली घेऊन बाहेर. कुणाचं काही नुकसान नाही, असंच मला वाटायचं.

त्या दिवशी दुपारची हैदराबाद-रायपूर फ्लाइट होती. चौदा-सी या सीटवर एक काकू. कडक कांजीची साडी, ठसठशीत कुंकू, मांडीवर घट्ट धरलेली कापडी पिशवी. पिशवी वर ठेवायला लागेल म्हटलं तर म्हणाल्या, "हात लावू नको. अनारसे आहेत, तुह्या हातानं चुरा होईन त्याचा." मी मराठीत बोलले, म्हटलं आपलं माणूस पाहून निवळतील. झालं उलटंच. "मराठी आहेस तं कपाळाले टिकली काहून नाही? आईबाप आहेत ना घरी?" मग बेल. पाणी आण. बेल. हे पाणी नको, दुसरं आण. बेल. शेजारच्या पोराचं कोपर लागून राहिलं, त्याले सांग. मी आधीच स्पष्ट करते – त्या घाबरलेल्या होत्या, दुःखी होत्या, असलं काही नव्हतं. बाई सरळसरळ उर्मट होत्या. पुढे त्यांच्या सुनेनंही तेच सांगितलं.

मग चहा. पहिला कप "गोड आहे" म्हणून परत आला. दुसरा मी केला तो गॅलीतल्या स्टीलच्या जगमधल्या पाण्याचा. बोर्डिंगच्या आधी कधीतरी भरून ठेवलेलं, पार कोमट झालेलं पाणी होतं ते. मला माहीत होतं. ताजं गरम पाणी हाताच्या अंतरावर होतं, तरी मी तो जग उचलला. रितिका, माझ्याबरोबरची मुलगी, तेव्हा पुढे होती. कुणी पाहिलं नाही.

काकूंनी घोट घेतला. "थंडा आहे."

"नाही मॅडम, आत्ताच केला," मी हसून म्हणाले. आणि मला फार बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

थोड्या वेळानं रितिका गॅलीत आली. "यार, चौदा-सी करके दिखा ना." मी पडदा ओढला. हातात ओढणी नव्हती, म्हणून नॅपकिनचा पदर केला, हनुवटी वर केली आणि सुरू झाले. "ए पोट्टी, तुले आईनं चहा कराले नाही शिकवला काय? हात आहेत का लाकडं आहेत?" आवाज इतका हुबेहूब निघाला की रितिका तोंड दाबून खालीच बसली. मग मला चेव आला. त्या न बोललेलंही मी बोलले. त्यांचं चालणं केलं, त्यांचा उसासा केला. रितिका हसायची थांबली, तेव्हा मी वळून पाहिलं. पडदा अर्धा सरकलेला होता आणि काकू उभ्या होत्या. टॉयलेट तिथेच समोर आहे.

आता आभाळ कोसळणार म्हणून मी सॉरी तयार ठेवलं. काकूंनी तोंड उघडलं... आणि मिटलं. परत उघडलं. मग माझ्याकडे बघतच त्या मागे वळल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

त्यानंतर बेल वाजली नाही. रायपूरच्या माना विमानतळावर उतरल्यावर बाकीचे ढकलाढकली करत गेले, त्या शेवटपर्यंत बसून राहिल्या. दारातून जाताना माझ्यापाशी थांबल्या आणि गळ्याला हात लावून काहीतरी खुणावलं. मला वाटलं, रुसल्यात. मी म्हणाले, "हॅव अ नाइस डे, मॅडम." सॉरी म्हणायचं होतं ते राहिलंच.

त्याच आठवड्यात मला सुट्टी मिळाली आणि मी घरी आले. एका संध्याकाळी आई तिच्या भजनी मंडळातून आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "त्या गुढियारीच्या लांजेवार काकूंचा आवाज गेला म्हणते. पोरीकडून विमानानं आल्या, तेव्हापासून तोंडातून अक्षर नाही."

रायपूरची मराठी माणसं म्हणजे केवढीशी. एकाला खोकला झाला तर दुसऱ्याच्या घरी काढा उकळतो. तरी त्या याच असतील असं मला वाटायला नको होतं. मी विचारलं, "हैदराबादहून?"

"हव. आपल्याच कॉलनीतल्या डॉक्टरले दाखवलं. नळी टाकून पाहिलं, गळा एकदम साफ. म्हणे धक्का बसला असन. कायचा धक्का, ते त्या सांगत नाहीत. लिहून द्या म्हटलं तं कागद सरकवून देतात." आई बसली. "आवाजाचं एक वेळ सोड. काकांचं काय करावं? रेल्वेतून रिटायर झालेले, डोळे गेलेले, लकव्यानं पडून आहेत. ते म्हणतात, ती आलीच नाही, तुम्ही मले फसवून राहिले. तिनं हात धरला तं म्हणतात, हात तं नर्सचाही असते. जेवण सोडलं त्यांनी. सुनेनं भरवलं की तोंड मिटून घेतात."

डॉक्टरांचं म्हणणं मला लगेच पटलं. विज्ञानाला धरूनच होतं. पण तो धक्का म्हणजे मी. आणि त्यापायी एक म्हातारा माणूस उपाशी होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटी काढली आणि गुढियारीला गेले. मालाचे ट्रक उभे असतात त्या गल्लीत, एका गोदामाच्या मागे त्यांचं घर. दार सुनेनं उघडलं, वर्षा तिचं नाव. काकू आत पाटावर बसून भाजी निवडत होत्या. मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही. मी वाट पाहायला लावली असंच काहीसं चेहऱ्यावर होतं. मी पायाला हात लावला आणि वर्षासमोर सगळं सांगितलं – नक्कल, पडदा, आमचं हसणं. चहाचं नाही सांगितलं. ते घशाशी आलं होतं, मी गिळलं.

वर्षानं दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "दीदी, मम्मीजी का बोलना तो ऐसाच है. हमको भी दिनभर सुनाती थीं. मैं सोचती थी, एक दिन चुप हो जाएँ बस. अब चुप हैं तो घर में अच्छा नहीं लगता."

काकू उठल्या. माझं मनगट धरलं आणि मला आतल्या खोलीत नेलं. खाटेवर काका पडले होते. स्टुलावर वरणभाताची थाळी तशीच. गालफडं बसलेली, ओठ घट्ट. काकूंनी दोन बोटं माझ्या गळ्यावर टेकवली आणि मग त्यांच्याकडे दाखवलं. त्यांना काय हवंय ते मला कळलं. माझी मान आपोआप नाही नाही म्हणत होती.

"कर दो दीदी," वर्षा म्हणाली. "दो कौर तो खाएँगे."

मी ठरवलं, फक्त "अहो, जेवा" एवढंच म्हणायचं. डोळे मिटले, आवाज जागेवर बसवला आणि तोंड उघडलं. बाहेर आलं ते हे –

"गारडबाबू, सिग्नल द्या. गाडी आउटरले उभी आहे, भात थंडा होऊन राहिला."

काकांचे ओठ थरथरले. आणि त्यांनी तोंड उघडलं. लहान मुलासारखा मोठ्ठा आ केला. वर्षानं घाईघाईत घास भरवला. "आली काय?" ते भरल्या तोंडानं म्हणाले. "किती उशीर."

काका रेल्वेत कोण होते ते मला माहीत नव्हतं. मालगाडीचे गार्ड होते ते, हे मला नंतर कळलं. घासाआधीच्या त्या सिग्नलचं तर वर्षालाही ठाऊक नव्हतं. काकू त्यांना दार लावून भरवत. पण तेव्हा विचार करायला मला सवडच नव्हती, कारण आवाज थांबत नव्हता. गोळी कोणत्या डबीत आहे, बनियन उलटी घातली आहे, पंखा अंगावर घेऊ नका... माझं तोंड हलत होतं आणि मी ऐकत होते. एरवी नकलेत मी आवाज धरून ठेवते. त्या दिवशी आवाजानं मला धरलं होतं. थाळी संपली तेव्हाच त्यानं मला सोडलं.

दाराशी काकू उभ्या होत्या. आपली साडी दुसरीच्या अंगावर बघावी, तसं त्या बघत होत्या. मला तिथे उभं राहवेना. मी पळत बाहेर आले आणि स्कूटीपाशी रडले.

पण सुट्टी असेपर्यंत रोज जायचं, असं मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी गेले तर वर्षा दारातच म्हणाली, "खा रहे हैं. खुद से." आत काकू वाटी घेऊन बसल्या होत्या, ओठ मिटलेले. काका बरोबर वेळेवर आ करत होते, आणि मध्येच म्हणत होते, "हव... घेतली ना गोळी... हव, सांगतो त्याले." कुणालातरी उत्तरं देत होते. आम्हा तिघींना बाहेरच्या ट्रकशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी हळूच काकूंचा आवाज लावून पाहिला. घशात काही नव्हतं. त्यानंतर आजतागायत मला कुणाचीच नक्कल करता आलेली नाही.

काकांनी मान माझ्या दिशेला वळवली. "कोण उभं आहे? ती म्हणते, तीच पोट्टी आहे."

"हव काका," मी म्हणाले.

ते कान देऊन ऐकत राहिले. "म्हणते, चहा थंडा होता. म्हणते, जवळ गरम पाणी होतं, तरी पोट्टीनं मुद्दाम जगमधलं बासी पाणी घातलं."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. रितिकाला नाही, आईला नाही. मी काकूंकडे पाहिलं, आणि त्याही माझ्याकडे चमकून बघत होत्या. चहा थंड होता एवढंच त्यांना माहीत होतं. मुद्दाम होता, हे त्यांनाही आत्ताच कळत होतं.

"हो काकू," मी म्हणाले. "मुद्दाम दिला. आणि खोटं बोलले."

काकूंनी वाटी वर्षाकडे दिली आणि स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. मग त्या आल्या आणि माझ्या हातात चहाचा कप दिला. चांगला उकळलेला, आलं घातलेला. मी पूर्ण पिईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं. मी फुंकर घातली नाही.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, काकांचं डोकं फिरलं असेल, सिग्नलचं तू कुठेतरी ऐकलं असशील. मीही स्वतःला हेच सांगून पाहिलं. मग जगमधल्या पाण्याचं काय, तिथे येऊन अडते. काकूंचा आवाज अजून आलेला नाही. डॉक्टर आता बदलले, नवेही तेच म्हणतात. काकांच्या अंगाला मात्र मांस धरलंय. गॅलीत मुली अजून म्हणतात, करके दिखा ना. मी त्यांना ताजा चहा करून देते आणि पडदा उघडा ठेवते.

रायपूरला आले की मी गुढियारीला जातेच. काकू कप आणून ठेवतात. मी पहिला घोट घेते, तोच खाटेवरून काका विचारतात,

"म्हणते, गरम आहे ना?"

"हव काका. गरम आहे."