लांब नळीवरचा नाडा

मालवणहून निघालो तेव्हा जीपमध्ये हवेच्या दोन जोडटाक्या, नळ्यांची पिशवी आणि बायकोने बळेच चढवलेले पाण्याचे कॅन होते. "तिथे कोणाकडे पाणी मागू नका," असं तिने बजावलं होतं. मी आणि वासू समुद्रात पर्यटकांना बुड्या मारायला शिकवणारी माणसं. जळकोटजवळच्या एका तलावातली गंजलेली झडप उघडायला तिथल्या इंजिनियरांनी आम्हाला बोलावलं होतं. उरलंसुरलं पाणी त्या झडपेमागे अडकलेलं, आणि खालच्या गावाला पावसापर्यंत तेवढ्याचाच आधार होता.

उदगीरला चहाला थांबलो. हॉटेलच्या पाटीवर ठळक अक्षरांत 'जिल्हा उदगीर'. हा जिल्हा अजून व्हायचाय ना, असं विचारलं तर मालक म्हणाले, "व्हायलाय की! जिल्हा झाला की पाणी आलंच समजा." चहा मात्र कागदी कपात दिला, कारण कप विसळायला पाणी नव्हतं. पुढे जळकोटपर्यंत काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा होत्या.

तलाव पाहून माझं अवसानच गळालं. तलाव कसला, भिंतीला टेकलेलं एक मोठं डबकं! काठाशी सिमेंटची विहीर, तिच्या तळाशी आडवा बोगदा आणि आत ती झडप. वरून फिरवायचा दांडा तुटलेला, म्हणून आत शिरून लोखंडी चावीनेच फिरवायची. बोगद्यात काही बिघडलं तर सरळ वर येता येत नाही. म्हणून पाठीवर दोन टाक्या, आणि नळ्या अंगासरशा बसवलेल्या.

पाणी सोडणाऱ्या माणसाची आई, कलावतीबाई, काठावर बसून सगळं बघत होत्या. "येवढ्या नळ्या कशाला रे लेकरा?"

वासूने दाखवलं. "ही आखूड नळी हनुवटीखाली, माझ्यासाठी. ही लांब नळी पाठीमागून कमरेशी, छातीवरून मानेभोवती आणि तोंडात. ह्याची हवा संपली तर तोंडातली काढून ह्याला द्यायची."

"म्हंजी स्वतःच्या तोंडातला घास," त्या म्हणाल्या. मला ते फार आवडलं.

लांब नळी सगळ्यात शेवटी घालायची आणि तिच्यावर काही येऊ द्यायचं नाही, हा आमचा नियम. पण त्या गावची रीत वेगळी. विहिरीत आधी उतरणाऱ्याच्या गळ्यात घरातल्या थोर बाईने तांबडा नाडा बांधायचा, तो वर येईपर्यंत तिने पाण्याचा थेंब घ्यायचा नाही आणि मग तिनेच नाडा सोडायचा. कलावतीबाईंनी वासूच्या गळ्यात नाडा बांधला तो नेमका लांब नळीवरून. मी काढायला सांगितलं.

"ऱ्हवांदे रे (राहू दे रे), म्हातारेचा मन कित्याक मोडूचा? सुती हा, तुटात," वासू म्हणाला. मी वाद घातला, पण तो केव्हाच शिडीवर होता.

खाली गाळाने काळोख. झडप हाताला लागली. चावी बसवून दोघांनी जोर लावला, आणि ती हलली! अर्धा आटा फिरली असेल. मी आनंदाने मागे सरलो, तेवढ्यात भिंतीतून आलेल्या सळईने माझी नळी फाडली. हवा भसाभसा सुटली. टाकी बंद करायचा कॉक माझ्या मानेमागे, आणि बोगद्यात कोपर वर जाईना. दोन्ही टाक्या एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे दोन्ही रिकाम्या होऊ लागल्या. मी वासूचा दंड आवळला. त्याने तोंडातली नळी काढून माझ्यापुढे धरली. ती वीतभर आली आणि अडकली. ओला नाडा तुटेना. मी मरणार असं मला स्वच्छ वाटलं. वासूने चावी सोडली, सुरी काढली, नाडा कापला आणि नळी माझ्या तोंडात आली.

आम्ही वर आलो. चावी गाळात गेली, झडप तशीच राहिली.

कलावतीबाईंनी कापलेला नाडा हातात घेतला. "नाड्यानं संकट आपल्यावर घेतलं," त्या म्हणाल्या. "म्हणून वाचलाव तुम्ही." वासूने मान खाली घातली. मग त्यांनी तांब्या आणला. स्वतःचे ओठ सुकलेले, तरी आधी आम्हाला प्यायला लावलं.

चावी लोहाराने घडवून दिली असती. हवा कोण देणार? वासूच्या टाक्यांत दोघांना पुरेल एवढी उरली नव्हती. लोहा गावावरून नांदेड गाठलं. गॅसच्या दुकानातले चाचा म्हणाले, "ऑक्सिजन हाय, लई हाय. तुमची ती हवा न्हाई. पंक्चरवाल्याकडं बघा." बुडीला शुद्ध ऑक्सिजन चालत नाही, गाळून दाबाने भरलेली साधी हवाच लागते. एरवी हसलो असतो. टाक्या भरायचं यंत्र आमच्या घरीच होतं, म्हणजे सगळा महाराष्ट्र आडवा पार करून परत यायचं.

घरी पोचून टाक्या भरल्या. जीपमध्ये ठेवतच होतो, तर तिथल्या इंजिनियरांचा फोन आला. "येऊ नका. पाणी आटलं. बोगद्याच्या तोंडाशी आता चिखलच आहे, झडप उघडूनही गावाला काही मिळणार नाही."

बुडी झाली की सामान गोड्या पाण्यात धुवायचं, हे मी शेकडो जणांना शिकवलंय. अंगणात मोठी बादली भरली. वासूच्या लांब नळीवर तलावातला गाळ वाळून बसला होता आणि त्यात नाड्याचा तांबडा धागा चिकटलेला. मी नळी पाण्यावर धरली. कलावतीबाईंचा तांब्या आठवला आणि हात खाली जाईना.

"धुवक नाय?" वासूने विचारलं.

मी बादली उचलून स्वयंपाकघरात नेली आणि पिण्याच्या पिंपात ओतली. नळी तशीच दांडीवर टांगली आहे.