शिवेवरचं निळं फूल

भंगारात देण्याआधी जुना कॉम्प्युटर एकदा लावून पाहिला. तापल्या धुळीचा वास आला आणि मुरबाडच्या घरातली ती दुपार आठवली.

मी त्यावर एक खेळ खेळत होते. आई शेजारी करवंदं निवडत होती.

"यात करायचं काय गो?"

"हवं तिकडं भटकायचं. डोंगर, रान, राक्षसाची गुहा. कोनी अडवत नाय."

"मंग रानात शिरताना वाघोबाला पाला ठेवलास?"

आमच्याकडे रानाच्या तोंडाशी वाघोबाचा दगड असतो. तिथं हिरवी डहाळी ठेवल्याशिवाय आई कधी पुढे गेली नाही. मी वैतागले. तरी मागे फिरले आणि खेळातल्या रानाच्या कडेला एका दगडापाशी, जखमा भरणारं माझ्याजवळचं एकुलतं एक निळं फूल ठेवलं. आईनं स्क्रीनला हात जोडले.

"आता जा. जपून जा गो."

तेव्हा वाटलं, आईला खेळ कळलाच नाही. आता वाटतं, ते रान तिनंच खरं मानलं होतं.

आई जाऊन तीन वर्षं झाली. आज तो खेळ उघडला, तर फूल तिथंच होतं, न कोमेजलेलं. जवळ जाताच खेळानं विचारलं, उचलायचं का?

मी नाही म्हटलं. मग भंगारवाल्यालाही.