चिंचेनं गिळलेली पाचर

जानकीरामरावांची कुऱ्हाड चाले त्याहून तोंड जास्त चाले. तमिळ मुलखात, मेलकावेरीतल्या विठोबाच्या मठात समाराधनेची पंगत असली की चुलाणाची लाकडं फोडायचं काम तीस वर्षं त्यांचंच, आणि पायसाची पहिली पळीही त्यांचीच. मठाची रीतच तशी: ज्यानं सरपण फोडलं, त्याच्या पानावर आधी गोड.

यंदा आला चिंचेचा ओंडका. बुटका, जाडा, अंगभर गाठी. आचारी मणी म्हणाला, "राव, गॅस मागवू? अकराला चूल पेटायला हवी."

"मग पहिली पळी सिलिंडरला वाढशील काय?" असं म्हणून रावांनी ऐन मध्यावर पाचर ठेवली आणि घण हाणला. सुरूचं लाकूड असतं तर एवढ्यात दोन फाका पडत्या. चिंचेनं पाचर गिळली आणि ढेकरही दिला नाही. वर कुऱ्हाड मारली, तर ती उसळून परत आली.

मणीनं खिशातून मोबाइल काढला.

पलीकडे रावांच्या पत्नी गोमतीबाई केळीची पानं पुसत होत्या. म्हणाल्या, "अहो, फणस कापताना आधी आठळी शोधतां काय?"

"मला शिकवत्येस?"

"नाही बा. पाचरीला विचारत्यें, बाहेर कधी येणार म्हणून."

रावांनी घण खाली ठेवला. मग वाकून ओंडक्याची कड न्याहाळली. तिथं केसासारख्या भेगा होत्या. गाठ चुकवून, भेग धरून, त्यांनी कडेवर घाव घातला. ढलपी उडाली. ओंडक्याभोवती प्रदक्षिणा घालत, एकेक ढलपी काढत ते आत सरकले. शेवटी मधला भाग इतका बारीक झाला की पाचर आपणहून पायाशी पडली. उरलेली गाठ त्यांनी अख्खीच चुलाणात लोटली.

पावणेअकराला चूल पेटली.

पंगत बसेपर्यंत राव सर्वांना सांगून चुकले होते, "पाचर अडकली नव्हती हो. चिंचेची परीक्षा घेत होतों."

मणी पळी घेऊन आला. रावांनी पानावर हात आडवा धरला. "समोरच्या पंगतीत वाढ. गोमतीच्या पानावर."

"रीत फोडणाऱ्याची आहे, राव."

"मग फोडणाऱ्याचं ऐक."

सगळ्या पंगतीदेखत मणीनं पळी तिकडे वाढली. गोमतीबाईंनी बोट चाटलं, क्षणभर विचार केला.

"गूळ कमी पडला, मणी."

"घे!" राव मणीकडे बघून खदखदून हसले. "आता तुझी पाळी."