अर्धं काढा, अर्धं फिरवा

फ्लेक्सच्या दुकानात टेबलाखाली कातरणांचा ढीग साठतो. कुणी मुद्दाम साठवत नाही, पण "असू दे, कधीतरी लागेल" म्हणून कुणी फेकतही नाही. चारोटी नाक्यावरच्या आमच्या दुकानात किस्सेही असेच साठलेत. आणि कुठलंही कातरण ओढा, दुसऱ्या टोकाला सुनीलच निघतो!

सुनील म्हणजे आमचा डिझायनर. भरतभाई मालक, आणि टायपिंग, बिलं, आल्यागेल्याशी बोलणं हे माझ्याकडे. सुनील गंजाडचा. स्वभावाने गरीब, तिशी ओलांडलेला, तरी बिनलग्नाचा. हसला की डाव्या गालावर खळी पडते, तेवढाच काय तो दागिना. त्याची आई बाजाराला आली की दुकानात डोकावते आणि दम मात्र मला देते, "वैशाली, यंदा याचं जमलं नाय तं मी देवलात जाऊन बसंन!" त्यामुळे सुनीलचं लग्न हा आमच्या दुकानाचा कायमचा पेंडिंग जॉब.

त्यात सुनीलला कुणीतरी एक युक्ती शिकवली. कॉम्प्युटरवर दोन्ही बाजूंनी सारखा आकार काढायचा असेल तर अख्खा काढायचा नाही. मधोमध उभी रेघ धरायची, अर्धा काढायचा, त्याची कॉपी मिरर करायची आणि टोकं जोडून आकार बंद करायचा. बंद झाला की रंग भरतो. कलश असाच, पणती अशीच, पत्रिकेवरचं कमळही असंच. भरतभाई खूश! "अर्धी मेहनत, पूरा काम! वाह दीकरा!"

झालं. तेव्हापासून सुनीलने जगातली कुठलीच गोष्ट अख्खी काढली नाही.

*

पहिला तावडीत सापडला गणपती.

तलासरीकडच्या एका मंडळाला कमानीसाठी बाप्पा हवे होते. सुनीलने अर्धे बाप्पा काढले, फिरवले, जोडले. सोंड मधोमध सरळ खाली, नळासारखी. दोन्हीकडे मोदक, दोन्हीकडे उंदीर, आणि तोंडात दोन अख्खे दात!

मंडळाचे अध्यक्ष स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. मग म्हणाले, "अहो, याला एकदंत म्हणतात ना? दुसरा दात कुणी बसवला?"

"तो आपोआप येतो, दादा," सुनील म्हणाला.

"आणि उंदीर दोन कशाला?"

"एक रजेवर गेला तर?" हे मात्र मी बोलले. भरतभाईंनी डोळे वटारले आणि बाप्पा पहिल्यापासून काढावे लागले.

*

डहाणूचे एक बागायतदार चिकूच्या खोक्यावर छापायला चित्र मागायला आले. सुनीलने चिकू काढला. इतका गुळगुळीत, इतका नेमका की बागायतदार घाबरले.

"हा बटाटा आहे."

सुनीलने देठाला एक पान लावलं. सवयीने ते मिरर झालं.

"आता दोन पानांचा बटाटा आहे!"

शेवटी भरतभाईंनी तोडगा काढला. खाली मोठ्या अक्षरात "चिकू" लिहिलं आणि माल छापून दिला. आठवडाभराने बागायतदारांचा फोन. व्यापारी विचारत होता म्हणे, चिकू छान आहेत, बटाटे कधी पाठवता?

*

डहाणू-चारोटी रिक्षा चालवणाऱ्या एकाला मागच्या काचेवर लाल बदाम हवा होता, आत बायकोचं नाव. बदाम म्हणजे तर मिररचंच काम! सुनीलने अर्धा काढला, फिरवला आणि लाल रंगावर क्लिक केलं. रंग भरेना. पुन्हा क्लिक. भरेना. भरतभाईंनी मॉनिटरच्या वायरी हलवल्या, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, माऊसला एक थप्पडही दिली. मग झूम करत करत गेलो तेव्हा खालच्या टोकाला केसाएवढी फट दिसली. दोन अर्धुकं टेकली होती, जोडली नव्हती.

रिक्षावाला मागे उभा राहून सगळं बघत होता. म्हणाला, "नुसतं टेकून काय होतंय भाऊ? लग्नाआधी आमचंपण असंच होतं!"

सुनीलने मान खाली घालून टोकं जोडली. त्या दिवशी त्याने डबाही नीट खाल्ला नाही.

*

आता जो किस्सा सांगते त्यात त्याचं खरोखर नुकसान झालं.

गंजाडजवळच्याच, सगळे ज्यांना मामा म्हणतात अशा एकांचा वाढदिवस होता. मामांच्या गालावर हा एवढा तीळ, आणि बोलताना मिशीचं एकच टोक पिळायची सवय. त्यामुळे एक बाजू नेहमी वर आणि दुसरी खाली. सुनीलने फोटोवरून त्यांचं चित्र काढलं, अर्थात अर्धं! बॅनर नाक्यावर चढला. मिशी दोन्हीकडे वर, तीळ दोन्ही गालांवर. मामी बॅनरखाली उभ्या राहून शेजारणीला म्हणाल्या, "वाढदिवस आपल्याकडं, नि बॅनर कुणाचा लावलाय?"

मामांच्या भाचीचं स्थळ त्याच आठवड्यात सुनीलला सांगून आलं होतं. ते त्याच आठवड्यात परत गेलं. सुनीलच्या आईने दुकानात येऊन माझ्यासमोर कपाळावर हात मारून घेतला. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं, खोटं कशाला सांगू?

*

मग सायवनच्या शाळेतल्या बाई आल्या. त्यांना शाळेच्या भिंतीवर लावायला वारली चित्रातला तारपा नाच हवा होता, म्हणजे मधे तारपा हे वाद्य फुंकणारा आणि भोवती नाचणाऱ्यांचा फेर. सुनीलने अर्धा फेर काढून फिरवला आणि गोल पक्का बंद केला. मधल्या वाजवणाऱ्याच्या हातात दोन तारपे आले.

बाईंनी दोन तारप्यांवर काट मारली. मग गोलावर बोट ठेवलं. "फेर असा बंद केलात, तर उशिरा येणारा शिरणार कुठून?"

"बाई, आकार बंद नसेल तर रंग भरत नाही," सुनील कळवळून म्हणाला.

"आमच्याकडे भरतो!"

सुनीलने फेर एका जागी तोडला. त्याला तसं करताना मी पहिल्यांदाच बघत होते. जाताना बाईंनी मला हळूच विचारलं, "यांचं लग्न झालंय?"

"हा उशिरा येणाऱ्यांतलाच," मी म्हटलं.

बाईंची मामेबहीण रंजना तलासरीकडे सरकारी दवाखान्यात नर्स होती. बाईंनी सुनीलचा फोटो मागवला. भरतभाईंनी दुकानात पेढे वाटायचेच बाकी ठेवले.

*

फोटो सुनीलने स्वतःच पाठवला. मला तो दिसला थेट मुलगी बघायला जायच्या दिवशी, भरतभाईंच्या गाडीत. बरोबर सुनील आणि त्याची आई. मोबाईल हातात घेतला तर काय! भांग दोन्हीकडे. शर्टाला दोन खिसे, दोन्ही खिशांत पेन. आणि गालांवर दोन खळ्या!

"सुनील, अरे स्वतःलाही?"

"डावी बाजू चांगली येते ना, ताई."

आता परत फिरणं शक्य नव्हतं. तिकडे शाळेतल्या बाई आधीच येऊन बसल्या होत्या. पोहे आले, चहा आला. रंजनाची आत्या सुनीलकडे एकदा उजवीकडून बघे, एकदा डावीकडून. भरतभाईंनी उगाचच हवेचा विषय काढला. सुनील घाबरून हसला आणि व्हायचं तेच झालं.

"फोटोत दोन्ही गालांवर खळी होती," रंजना म्हणाली. आवाज अगदी शांत, इंजेक्शन देण्याआधी असतो तसा.

सुनीलचे कान लाल झाले. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही. "खळी एकच आहे. डावी. उजवी मी मिरर केली."

त्याच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली. "देवानं एक खली दिली, ती पुरली नाय तुला?"

बाई माझ्याकडे बघत होत्या, मी पोह्यांतले शेंगदाणे मोजत होते. सुनील उठायच्या बेतात होता. जाता जाता सांगून टाकावं तसं म्हणाला, "एकाच बाजूला असली की अर्धवट वाटतं हो. म्हणून केलं."

तेव्हा रंजना पहिल्यांदा हसली. तिच्या गालावर खळी पडली. उजव्या. फक्त उजव्या.