खारीक-बदामाचा डबा

मी एका बाईवर चोरीचा आळ घेतला होता. चोरी कसली, तर माझ्या मुलीच्या डब्यातली खारीक-बदामाची पूड आणि राजगिऱ्याचे चार लाडू. एवढ्यावरून त्या बाईचं काम जायची वेळ आली होती. गेलं नाही, पण ते माझ्यामुळे नव्हे. हे मी बायकोखेरीज कुणाजवळ बोललो नाही. आता लिहून टाकतो.

मुलगी झाली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. उशिरा बाप झालेला माणूस जरा जास्तच सावध असतो, आणि मी मुळातच संशयी. ती पावणेदोन वर्षांची झाली तेव्हा बायकोने हट्ट धरला की एकदा तरी थीम पार्कला जाऊ, तिथेच दोन रात्री राहू. आमच्या डोंबिवलीपासून तास-दीड तासावर हायवेलगत असं एक पार्क आहे, त्याच्या आवारातच हॉटेल. सोमवार ते बुधवार ठरवलं, कारण आठवड्याच्या मधल्या दिवसांत खोली स्वस्त पडते.

आईलाही न्यायचं ठरलं. ती कळव्याला एकटी राहते आणि रोज डोंबिवलीला येऊन मुलीला सांभाळते. "तुलाही बदल होईल," असं मी तिला म्हणालो. खरं म्हणजे ती असली की आम्हाला दोघांना पाळण्यात बसता येईल, हे माझ्या डोक्यात होतं. खोलीच्या भाड्यात सकाळचा नाश्ता दोघांचा होता. तिसऱ्या माणसाचं बघू, म्हणालो. ते मी शेवटपर्यंत बघितलं नाही.

पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेता येत नाही, लहान बाळाचं तेवढं चालतं. आई दोन दिवस आमच्या गॅससमोर उभी होती. तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून, जिरं घालून भरडलेली खिमटी, नाचणीचं सत्त्व, चुरमुरे, राजगिऱ्याचे छोटे लाडू आणि खारीक-बदामाची पूड. खिमटी शिजवायची युक्तीही तिचीच. थर्मासमध्ये खिमटी घालायची, वर उकळतं पाणी ओतायचं आणि झाकण लावून टाकायचं. अर्ध्या तासात मऊ शिजते, गॅस लागत नाही.

मोठ्यांसाठी तिने बारा थालीपिठं आणि लसणाची चटणी केली. ती मुलीच्या बॅगेत, लंगोटांच्या खाली लपवायची कल्पना मात्र माझी.

गेटवरच्या रखवालदाराने बॅग उघडली आणि हात थेट तळाशी घातला.

"हे कोणाचं, साहेब?"

"बाळाचं."

त्याने पुडकं नाकाशी नेलं. "लसणाची चटणी? बाळाला दात किती आलेत?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. "बारा," असं मी चक्क उत्तर दिलं. त्याने ती थालीपिठं एका निळ्या पिंपात ठेवली आणि जाताना घेऊन जा म्हणाला. आई पिंपाकडे वळून वळून बघत चालत होती. संध्याकाळी गेलो तर पिंप रिकामं, रखवालदार दुसरा. पहिल्याने घरी नेली असणार, अशी माझी खात्रीच झाली.

त्यानंतर मला तिथलं काहीच सरळ दिसेना. खोलीतल्या किटलीत लोक काय काय उकळतात म्हणून मी ती तीनदा धुतली. दुकानातल्या दुधात पाणी आहे का म्हणून बोटावर थेंब घेऊन बघितला. पाण्याच्या बाटलीचं सील दाबून बघितलं. बायको म्हणाली, "अहो, फिरायला आलोय की धाड घालायला?"

दुपारी जेवायला गेलो तेव्हा मी काउंटरवरच्या भावाच्या पाटीखाली मान वर करून उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो असेन. मला परवडत नव्हतं अशातला भाग नाही. ठाण्याला नोकरी आहे, पगार वेळेवर होतो. पण साध्या डोशाला तेवढे पैसे द्यायला हात धजत नव्हता. तेव्हा आई मागून म्हणाली, "मला सोमवार आहे रे. मी नुसता चहा घेते."

तिचा सोमवार खराच होता, वर्षानुवर्षं धरते. आम्ही दोघांनी पावभाजीची एक प्लेट घेतली आणि पाव जास्तीचे मागितले. मुलीला थर्मासमधली खिमटी भरवायला गेलो तर तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. एवढी माणसं, एवढे आवाज, ती बावरली असावी. आईने गाणी म्हटली, बायकोने पाळण्याकडे बोट दाखवलं, मी रागावलो. पोरीने तोंड उघडलं नाही. शेवटी दुधात खारीक-बदामाची पूड घालून दिली, तेवढी गटागटा प्यायली. संध्याकाळीही तेच. म्हणजे आता त्या डब्यावरच तिचे दोन दिवस निघायचे होते.

रात्रीच्या जेवणाला बायको म्हणाली, "आई, सोमवार सोडा आता. काय मागवू?"

"उद्याचा मंगळवारही धरलाय. पोरीसाठी. आता जोडूनच सोडेन," आई म्हणाली.

गेल्याच मंगळवारी तिने आमच्या ओट्याशी उभ्या उभ्या दहीभात कालवून खाल्ला होता. ते मला आठवलं, लख्ख आठवलं. तरी मी विचारलं नाही. दिवसभर साऱ्या जगावर संशय घेतला आणि इथे, जिथे घ्यायला हवा होता, तिथे गप्प बसलो. कारण एक ताट कमी झालं असं माझ्या मनात आलं होतं.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं कुपनांवर नाश्ता करून आलो. आईने खोलीतच चहा घेतला आणि मुलीला दूध करून पाजलं. मग चौघंही पार्कमध्ये गेलो. दुपारी मुलीला झोपवायला परतलो तेव्हा खोली झाडून, चादरी बदलून ठेवलेली होती. दूध करायला मी डबा उघडला. काल रात्री पाऊण होता, आता तळाला गेलेला. लाडवांच्या डब्यातले चार लाडूही कमी.

"ती साफसफाईवाली," मी म्हणालो.

"तुम्ही नीट बघितलं होतंत का काल?" बायकोने विचारलं.

"मी रोज बघतो."

आई पलंगाच्या कडेला मुलीचे बूट काढत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "असू दे रे. चार चमचे गेले तर काय अडतं?"

"अडतं कसं नाही? कालपासून पोर फक्त त्याच्यावर आहे!" मी तिच्यावर ओरडलो आणि डबा घेऊन खाली गेलो.

काउंटरवरच्या मॅनेजरने त्या बाईला बोलावून घेतलं. पस्तिशीची असेल, साडीवर हॉटेलचा निळा कोट, हातात ओलं फडकं. तो तिला काही विचारायच्या आधी मलाच म्हणाला, "सर, तुम्ही लेखी द्या फक्त. उद्यापासून हिला बंद करतो." आणि त्याने एक फॉर्म पुढे सरकवला.

बाई शांतपणे म्हणाली, "साहेब, मी आंबिवलीहून येते. जाताना आमच्या पिशव्या गेटवर उघडून बघतात. पोराबाळांचं मी कशाला घेईन? आणि नेऊ कशी?"

"पोटात गेलेलं पिशवीत कसं सापडेल?" मी म्हणालो.

मॅनेजर हसला. बाईने फडक्याची घडी घातली, परत उलगडली. मी फॉर्मवर खोलीचा नंबर लिहिला. पुढे 'तक्रारीचे स्वरूप' अशी रिकामी जागा होती. चोरी लिहायचं की आणखी काही, ते मला सुचेना. वर जाऊन भरून आणतो, म्हणालो. ती बाई तिथेच भिंतीशी उभी राहिली. फॉर्म परत येईपर्यंत तिला कामावर जायची परवानगी नव्हती.

वर बायकोने सगळे डबे टेबलावर मांडले होते. आणखी काय गेलंय ते बघत होती. खिमटी होती तशी. सत्त्व होतं तसं. चुरमुरे, बिस्किटांचा पुडा, सगळं जागच्या जागी.

"चोर उपासाचा दिसतोय हो," ती हसत म्हणाली. "खारीक-बदाम आणि राजगिरा तेवढा घेतलाय. धान्याला हात लावलेला नाही."

 आम्ही दोघांनी एकदमच आईकडे बघितलं.

मुलगी तिच्या मांडीवर झोपली होती. आई तिच्या पाठीवर थोपटत राहिली. मग म्हणाली, "पहाटे डोळ्यांपुढे अंधारी आली. किटली लावली असती तर आवाजाने पोर उठली असती. आणि उपास सांगून बसलेले, म्हणून उपासाचंच खाल्लं."

"मंगळवार धरलाच नव्हतास ना?"

"नाही."

"मग जेवायचंस ना, आई. मी नको म्हणालो होतो का?"

"तू नाही म्हणालास. पण त्या पाटीकडे कसा बघत होतास, ते बघितलं मी."

बायकोने तोंड फिरवलं. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी रागावून विचारलं, "मग मी खाली निघालो तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सुनेच्या देखत कसं सांगू, नातीच्या डब्यातलं खाल्लं म्हणून? मला वाटलं, तू दोन शब्द बोलून परत येशील. कुणाचं काम घालवशील असं नाही वाटलं."

फॉर्म माझ्या हातातच होता. तो घेऊन मी खाली गेलो. जिन्यावरच ठरवलं होतं काय सांगायचं ते, आणि त्याला मी आईची अब्रू राखणं असं नावही दिलं होतं.

"सापडलं," मी मॅनेजरला म्हणालो. "बॅगेतच होतं, कपड्यांखाली. दुसऱ्या डब्यात काढून ठेवलेलं."

"होतं असं, सर." त्याने फॉर्म फाडला. "जा गं, तिसरा मजला राहिलाय."

बाईने माझ्याकडे बघितलं. तिला पटलेलं नव्हतं. पण ती निघाली, आणि मला हायसं वाटलं. तेवढ्यात जिन्यावरून आई उतरली. झोपेतून उठलेली मुलगी कडेवर, एक हात कठड्याला. गुडघ्यांमुळे एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत उतरत होती.

"कपड्यांखाली नव्हतं," ती तिथूनच म्हणाली. "मी खाल्लं."

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. आई त्याच्याजवळ थांबलीच नाही, सरळ त्या बाईसमोर गेली. "माझ्या तोंडून वेळेवर शब्द निघाला नाही. तुला उभं राहावं लागलं. चूक माझी."

"आजी, भूक लागली तर मला सांगायचं ना," बाई म्हणाली. "आमच्या कँटीनला भात असतोच की."

"उपास सांगितला होता मी यांना."

"कसला उपास, मंगळवारी?"

"धरला नव्हता गं. नुसताच सांगितला होता."

त्यावर बाई हसायला लागली. आधी तोंडावर फडकं धरून, मग मोकळी. आईलाही हसू आलं. "चला," बाई म्हणाली, "आत्ता आमचंच जेवण चाललंय. बाळालाही घ्या." मॅनेजरने फाडलेला फॉर्म टोपलीत टाकला.

स्वयंपाकघराच्या मागे कर्मचाऱ्यांचं कँटीन होतं. दारावर 'बाहेरच्यांना प्रवेश नाही' अशी पाटी. आईला आत नेलं. मला कुणी आत ये म्हणालं नाही, आणि मी जाण्यासारखं काही केलंही नव्हतं. मी दाराबाहेर उभा राहिलो. दार अर्धवट उघडं होतं. लांब बाकावर निळ्या कोटातली पाच-सहा माणसं जेवत होती. आई त्यांच्यात बसली होती, पुढ्यात भात आणि पातळ वरण. तिने पहिला घास घेतला, मग दुसरा, घाईघाईने. तिला इतकी भूक लागलेली मी कधी बघितली नव्हती. किंवा बघितली असेल, लक्ष दिलं नसेल.

तिसऱ्या घासाला मुलीने तिचा हात ओढून स्वतःच्या तोंडाकडे नेला. आईने भात बोटांनी मऊ केला आणि भरवला. पोरीने गिळला आणि परत आ केला. कालपासून आम्ही तिघं मिळून जे करत होतो, ते तिथे एका मिनिटात झालं.

ती बाई बाहेर आली. मी म्हणालो, "ताई, माझं चुकलं. मी जे बोललो, ते..."

तिने मला पुढे बोलू दिलं नाही. "बाळाचा चमचा आहे का?" तिने विचारलं. "आमचे मोठे आहेत, तिच्या तोंडात जात नाहीत."

मी वर धावलो. चमचा थर्मासच्या बाजूच्या खणात होता. साबणाने दोनदा धुतला, पुसला, धापा टाकत खाली आणून तिच्या हातात दिला. तिने तो घेतला, उजेडात धरून स्वच्छ आहे का ते नीट बघितलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.