नऊ मिनिटांचे मान्यवर

अंध माणसांसाठी सोपी केलेली वेबसाइट अंध माणसांना वापरता येऊ नये, यासाठी मी तीन आठवडे कष्ट घेतले होते.

इतके कष्ट मी स्वतःच्या लग्नातही घेतले नव्हते. (तिथं घ्यायला आक्का होती.) आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. काचबिंदूनं तिची नजर गेली त्याला बरीच वर्षं झाली. पण तिचा फोन पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो, ती बोटानं पुढं सरकत राहते आणि तिचं बेस चालतं. चालत नव्हती ती फक्त तिच्या गावच्या नगरपंचायतीची वेबसाइट. (गावाचं नाव सांगत नाही. सातारा जिल्ह्यात आहे, एवढं पुरे. मला तिथं अजून जेवायला जायचं असतं!) ती उघडली, की फोन नुसता "चित्र. चित्र. चित्र. बटण." असं म्हणत बसायचा.

आणि आक्काला त्याच वेबसाइटवर अर्ज भरायचा होता. मंडईतला एक गाळा दिव्यांगांसाठी राखीव होता, आणि तिथं तिला आपल्या हातची कांदा-लसूण चटणी विकायची होती. आदल्या वर्षी तिचा अर्ज मी भरला, आणि अर्जदाराच्या फोटोच्या जागी माझाच फोटो लावून मोकळा झालो. अर्ज बाद! तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, "औंदा माझा अर्ज मीच भरनार. संपत, तू बोट सुदिक लावायचं न्हाई."

माझं कुपवाडला दुकान आहे. फ्लेक्स छापतो, जोडीला वेबसाइट करतो. आणि नेमकं त्याच नगरपंचायतीची वेबसाइट दिव्यांगांना सोपी करून द्यायचं काम मला मिळालं! मी लगेच फोन लावला.

"आक्का, तुझी वेबसाइट आता तुझा भाऊच करनार!"

पलीकडनं बारीक आवाज आला, "दुसरं कुनी न्हवतं का रं?"

मी ठरवलं, आता दाखवूनच द्यायचं. साधी नाही, बोलकी वेबसाइट करायची! बटण दाबलं की पान स्वतःच बोलायला लागणार, प्रत्येक फोटोचं वर्णन ऐकवणार. इथवर सगळं ठीक होतं. पण वर्णन लिहायला बसलो आणि माझ्यातला फ्लेक्सवाला जागा झाला. वीस वर्षं फ्लेक्स छापणाऱ्याच्या हाडात एकच भीती मुरलेली असते: कुणाचं नाव राहायला नको! एका वाढदिवसाच्या फलकावर एका शुभेच्छुकाचं नाव राहिलं, तो गृहस्थ आजही माझ्या दुकानासमोर आला की रस्ता ओलांडतो. त्यामुळं 'वृक्षारोपण' एवढं लिहून मी थांबणं शक्यच नव्हतं. रोपाभोवती उभ्या असलेल्या सतरा जणांची नावं मी 'माननीय'पासून पदापर्यंत, मानाच्या क्रमानं लिहिली. (रोपाचं वर्णन राहिलं.) असे फोटो होते अकरा.

पुढचा विचार तर माझ्याच बुद्धीचा. ऐकणाऱ्यानं मध्येच आवाज बंद केला आणि कुणाचं नाव अर्ध्यात तुटलं तर? केवढा अपमान! म्हणून आवाज थांबवायची सोयच ठेवली नाही. सगळं स्वागत ऐकलं, की मगच अर्ज समोर येणार. या स्वागताला लागायची नऊ मिनिटं. आणि सुरक्षेसाठी पान दहा मिनिटांनी आपोआप बंद व्हायचं.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं मला सुचलं नाही. मी काम तपासलं नव्हतं असं नाही, तपासलं की! डोळे उघडे ठेवून, माऊसनं थेट अर्जावर जाऊन.

उद्घाटन ठरलं अर्जाच्या शेवटच्या दिवशी. पाचला मुदत संपणार आणि आक्का सगळ्यांसमोर स्वतः अर्ज भरणार, असा थाट. कार्यक्रम दिव्यांगांचा, म्हणून सभागृह निवडलं पहिल्या मजल्यावरचं! तीनचाकीवरून आलेले दोघे खालीच थांबले. त्यांच्यासाठी जिन्याशी कर्णा लावला होता. तीनचा कार्यक्रम वेळेवर, म्हणजे चारला, सुरू झाला.

आक्कानं फोन माईकसमोर धरला आणि बटण दाबलं. "बोलक्या संकेतस्थळावर आपलं स्वागत आहे!" टाळ्या! मग फोननं नगराध्यक्षांचं नाव घेतलं. त्या सवयीनं उठल्या, हात जोडले, बसल्या. टाळ्या! मग उपाध्यक्ष. टाळ्या! फोन नाव घ्यायचा, माणूस उभा राहायचा. एक सदस्य सहा फोटोंत होते, ते सहादा उठले. शेवटी शेवटी तर ते बसेचनात.

"संपत," आक्का माईकमधूनच म्हणाली, "माझा अर्ज कुठं हाय?"

"येतोय आक्का. अजून वृक्षारोपन चाललंय."

पहिल्या रांगेत दाजी होते, आक्काचे यजमान, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते गरजले, "आवं संपतराव, समदी पलटन सलामीलाच हुबी ऱ्हायली, तर फुडं कवा जायाचं?"

अखेर अर्ज आला. आक्कानं स्वतःचं नाव भरलं, नवऱ्याचं भरलं, आडनावाला हात घातला आणि फोन म्हणाला, "आपली वेळ संपली आहे. बोलक्या संकेतस्थळावर आपलं स्वागत आहे!"

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या!

दुसऱ्या खेपेला गाडी मोबाइल नंबरापर्यंत गेली. साडेचार वाजत आले होते. आक्कानं फोन खाली ठेवला. तिनं माईक हातात घेतला.

"समद्यास्नी हात जोडते," ती म्हणाली. "तुमची समद्यांची वळख झाली, दोन डाव झाली. माझीच तेवढी व्हायची ऱ्हायली. माझ्या वाटंतनं जरा बाजूला व्हा."

खालून जिन्यातून आवाज आला, "व्हय व्हय! आमी बी हितं तेच म्हंतोय!"

नगराध्यक्षा उठल्या. (या वेळी फोननं नाव न घेता.) "संपतराव, नावं काढा. पहिलं माझं काढा."

मी लॅपटॉप उघडला. त्यांचं नाव गेलं मात्र, उपाध्यक्ष उसळले, "मग दोन नंबरला माझं!" लगेच मागून, "आवं, माझ्याआधी ह्यांचं कसं काढलं? मी ज्येष्ठ हाय!" नावं घालायला मानाचा क्रम, तसा खोडायलाही! पंधरा मिनिटं मी खोडत होतो आणि सात माणसं माझ्या मानेवर वाकून क्रम तपासत होती.

तिसऱ्या खेपेला फोन म्हणाला, "स्वागत. अर्ज." दाजींनी हात वर करून अख्खं सभागृह गप्प ठेवलं. आक्कानं सगळं भरलं, फोटोही जोडला (तिचाच). शेवटचं बटण, आणि फोन म्हणाला, "चित्र. चित्रातली अक्षरं खाली लिहा."

अर्ज माणूसच भरतोय ना हे तपासणारी, नुसत्या डोळ्यांनीच वाचता येणारी ती चौकट मी साफ विसरलो होतो! पाचला आठ मिनिटं होती.

कारकून धावला. "मावशी, मी अक्षरं वाचून सांगतो."

"न्हाई. मीच भरनार म्हनलंय न्हवं? संपत, ते चित्र काढ."

काढलं. पान नव्यानं उघडावं लागलं, आक्कानं पुन्हा पहिल्यापासून भरलं. त्या चार मिनिटांत मी जेवढ्या देवांना नवस बोललो, ते फेडायचं काम अजून चालू आहे. पाचला दोन मिनिटं असताना फोन म्हणाला, "आपला अर्ज मिळाला आहे."

टाळी वाजवायची कुणाची छातीच होईना.

"आता वाजवा की!" आक्का म्हणाली.

गाळा तिला मिळाला, आणि चटणी दुपारच्या आत संपते. नगरपंचायतीनं आता प्रत्येक फोटोचं वर्णन आक्काकडून लिहून घ्यायचं ठरवलंय. तिला कुणी फोटोतलं सांगायचं आणि ती कामापुरतं ठेवायची. त्या दिवसाचा, मी स्टेजवर लॅपटॉप घेऊन बसलेला फोटोही साइटवर आहे. त्यात माझं नाव द्यायला मी फार सुचवून पाहिलं. परवा तो फोनवर ऐकला: "चित्र. घाम पुसणारा एक माणूस. महत्त्वाचं काही नाही, पुढं चला."